विश्लेषण : शर्यतीचा आरसी ट्रक ‘बॅशिंग’मध्ये का मोडतो? तो टिकवायचा कसा?

शर्यत जिंकणारी गाडी म्हणजे दणकट गाडी, असे समीकरण रिमोट कंट्रोल अर्थात आरसी गाड्यांच्या छंदात नव्याने पडलेल्यांच्या डोक्यात असते. त्यामुळे जुना रेसिंग ट्रक स्वस्तात मिळाला की लगेच घेतला जातो, दगडगोट्यांच्या मैदानात नेला जातो आणि पहिल्याच संध्याकाळी पुढचे चाक हातात येते. मग ‘रेसिंगच्या गाड्या नाजूकच’ असा उलटा निष्कर्ष निघतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. शर्यतीचा ट्रक कमकुवत नसतो. तो एका विशिष्ट प्रकारच्या माराला तयार केलेला असतो. तो मार कोणता हे समजून मोजके बदल केले, तर हाच ट्रक खडबडीत रानातही बराच काळ पळतो.

रेसिंग आणि बॅशिंग यात फरक काय?

ऑफ-रोड आरसी शर्यतीचा ट्रॅक मातीचा असला तरी ती माती पाणी मारून, दाबून, झाडून तयार केलेली असते. उड्यांचे उंचवटे मोजून बांधलेले असतात आणि प्रत्येक उडीच्या पलीकडे उतरण्यासाठी उतार असतो. चालक तोच ट्रॅक शेकडो वेळा फिरतो. गाडी उलटली तर ट्रॅकच्या कडेला उभा असलेला मार्शल ती सरळ करतो. सगळा खेळ एका फेरीतले दशांश सेकंद वाचवण्याचा.

बॅशिंगला नियमच नाहीत. बांधकामाच्या वाळूचा ढीग, पडीक माळ, स्केट पार्क, नदीकाठचे गोटे, जे समोर दिसेल त्यावरून गाडी उडवायची. उडी किती उंच जाईल आणि गाडी कुठल्या अंगावर पडेल हे चालकालाही ठाऊक नसते. मराठीत याला ‘धसमुसळेपणा’ हा अगदी नेमका शब्द आहे. छंदातले बहुतेक लोक हेच करतात. नियमित शर्यती खेळणारे त्यांच्या तुलनेत थोडे.

रेसिंग ट्रक बॅशिंगकडे वळले कसे?

जपानच्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये ‘सँड स्कॉर्चर’ ही वाळूत पळणारी बग्गी आणली आणि ऑफ-रोड आरसीची लाट सुरू झाली. त्या गाड्या खऱ्या गाडीसारख्या दिसाव्यात, यावर भर होता. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या टीम असोसिएटेडने सोनेरी अ‍ॅल्युमिनियम चेसिसची ‘आरसी १०’ आणली. ती दिसण्यासाठी नव्हे, जिंकण्यासाठी बनवली होती. खेळणे आणि शर्यतीचे यंत्र या दोन वाटा तिथून स्पष्टपणे वेगळ्या झाल्या.

या दोन वाटांमधली दरी समजून घ्यायला दोन ट्रक शेजारी ठेवून पाहणे सोपे. टेक्सासच्या ट्रॅक्ससने २००८ मध्ये ‘स्लॅश’ हा १:१० प्रमाणातला शॉर्ट कोर्स ट्रक आणला. अमेरिकेत बंदिस्त मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या खऱ्या रेसिंग पिकअपचे ते छोटे रूप होते. ट्रक साधा, स्वस्त, गिअर धातूचे, प्लॅस्टिक लवचीक. लोकांनी तो उचलून धरला, ट्रॅकवर त्याचा स्वतंत्र गटच सुरू झाला. हे पाहून २००९ मध्ये असोसिएटेडने ‘एससी १०’ आणला. पण त्याचे गिअरबॉक्स कंपनीच्या शर्यतीच्या बग्गी आणि ट्रकमधून आले होते. बाहेरून दोन्ही सारखेच रुंद बॉडीचे पिकअप. आत मात्र एक मैदानासाठी जन्मला होता आणि दुसरा ट्रॅकसाठी.

पुढे शॉर्ट कोर्सच्या शर्यतींची हवा ओसरली. शर्यत खेळणारा नव्या मॉडेलकडे जातो आणि जुने विकून टाकतो. त्यामुळे उत्तम शॉकअ‍ॅब्सॉर्बर, उत्तम बेअरिंग असलेले रेसिंग ट्रक निम्म्याहून कमी किमतीत जुन्या बाजारात येतात. बॅशिंगवाल्याला मोह पडतो तो इथे. तो मोह अगदीच चुकीचा नाही, कारण या ट्रकमधले काही भाग खरोखर पहिल्या दर्जाचे असतात. १:८ बग्गींच्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी तब्बल एक तास चालते. त्या तासभरात जे टिकत नाही ते पुढच्या मॉडेलमध्ये बदलले जाते. या बग्गींचाच मोठ्या चाकांचा भाऊ म्हणजे ‘ट्रगी’. बॅशिंगसाठी रेसिंग ट्रक घ्यायचाच असेल तर १:१० च्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रकपेक्षा १:८ ची ट्रगी केव्हाही सरस.

उडीचे गणित काय सांगते?

समजा, ४ किलोची ट्रगी ३ मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर पडली. जमिनीला टेकताना तिचा खालच्या दिशेचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ मीटर, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. आता हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळते, यावर सगळे अवलंबून आहे. गाडी चारही चाकांवर पडली आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरने (गॅरेजच्या भाषेतल्या शॉकअपने) ४ सेंटिमीटर दबून तो मार घेतला, तर सरासरी जोर भरतो सुमारे ३०० किलो वजनाइतका. हाच मार चाकांऐवजी चेसिसच्या कोपऱ्यावर आला आणि थांबायला जेमतेम १ सेंटिमीटर मिळाले, तर जोर जातो १,२०० किलोच्या घरात. गाडी तीच, उंची तीच, मार चौपट.

ट्रॅकवरची उडी याहून वेगळी कशी? तीच गाडी ताशी ३६ किलोमीटर आडव्या वेगाने उडी घेऊन २५ अंशांच्या उतारावर उतरली असे धरू. उतार गाडीच्या मार्गाच्या दिशेनेच कललेला असल्यामुळे जमिनीवर लंब पडणारा वेग सेकंदाला ७.७ मीटरवरून २.७ मीटरपर्यंत घसरतो. माराची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ती जवळजवळ आठव्या भागावर येते. गाडी ३ मीटरवरून नव्हे, तर ४० सेंटिमीटरवरून पडल्यासारखी उतरते. रेसिंग ट्रकचा अभियंता या दुसऱ्या गाडीचा विचार करत असतो. त्याने पहिल्या गाडीसाठी आर्म जाड केले असते तर ट्रक जड झाला असता आणि शर्यत हरला असता.

म्हणूनच बॅशिंगमध्ये सर्वांत स्वस्त ‘अपग्रेड’ म्हणजे उडी कुठे संपते ते पाहणे. ढिगाच्या पलीकडे उतार असेल तर रेसिंग ट्रक मोठी उडीही सहज पचवतो. पलीकडे काँक्रीट असेल तर बॅशिंगसाठीच बनवलेला ट्रकही दमतो.

हवेत गाडी सरळ ठेवण्याचे तंत्रही शर्यतीतूनच आलेले आहे. हवेत असताना थ्रॉटल दाबला की चाके जोरात फिरतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून गाडीचे नाक वर उचलले जाते. ब्रेक दाबला की नाक खाली येते. चारही चाकांना ताकद असलेल्या आणि मोठ्या टायरच्या ट्रगीत हा परिणाम ठळक दिसतो. मात्र उतरण्याच्या क्षणी पूर्ण थ्रॉटल ठेवू नये. भरधाव फिरणारे चाक जमिनीला टेकताच एकदम अडते आणि तो झटका थेट गिअर व ड्राइव्ह शाफ्टवर जातो.

काय बदलावे, कशाला हात लावू नये?

नवशिक्याची पहिली उडी असते ती रंगीत अ‍ॅल्युमिनियमच्या सुट्या भागांवर. इथेच पैसे वाया जातात. नायलॉनचा आर्म मार बसला की वाकतो आणि परत सरळ होतो. अ‍ॅल्युमिनियमचा वाकला की वाकलेलाच राहतो. शिवाय न मोडणारा भाग मार पुढच्या भागाकडे ढकलतो. चाकामागचे नकल धातूचे केले की आर्म तुटतो, आर्म धातूचा केला की तो जिथे बसतो तो बल्कहेड फुटतो. घरातल्या फ्यूजचे तत्त्व इथेही लागू आहे. काहीतरी तुटणारच असेल तर सर्वांत स्वस्त आणि पाच मिनिटांत बदलता येणारा भाग तुटावा.

रेसिंग ट्रकची खरी अडचण वेगळी आहे. त्याचे प्लॅस्टिकचे भाग बहुधा कडक मिश्रणाचे असतात, काहींत कार्बनचे तंतू मिसळलेले असतात. आर्म लवचीक असेल तर वळणावर चाकाचा कोन बदलतो, म्हणून रेसरला कडकपणा हवा असतो. बॅशरला नेमके उलटे हवे. त्यामुळे पुढचे आणि मागचे आर्म साध्या, मऊ नायलॉनचे घालणे हा पहिला बदल. अमेरिकेची आरपीएम ही कंपनी अशाच भागांसाठी छंदींमध्ये ओळखली जाते. नायलॉन पाणी शोषून घेतले की जास्त चिवट होते. म्हणून अनेक जण नवे नायलॉन आर्म गाडीला लावण्याआधी चक्क पाण्यात उकळून घेतात. हा उपाय ऐकायला घरगुती वाटला तरी त्यामागे पक्के पदार्थविज्ञान आहे. कार्बन फायबरचा शॉक टॉवर असेल तर तोही जाड नायलॉनचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा करावा. कार्बन हलका आणि ताठ खरा, पण दगडाच्या धारदार माराने तो वाकत नाही, तडकतो.

दुसरा बदल शॉकअपमधल्या तेलाचा. १:१० च्या रेसिंग ट्रकमध्ये ३० ते ३५ वेटचे पातळ सिलिकॉन तेल चालते. मोठ्या उड्यांसाठी ते ४५ ते ५० पर्यंत न्यावे, स्प्रिंग एक पायरी कडक करावी आणि गाडीची उंची थोडी वाढवावी. पण हौसेने फार कडक केले की शॉकअप दबतच नाही, काठीसारखा ताठ राहतो आणि सगळा मार टॉवरवर जातो. नेहमीच्या मोठ्यात मोठ्या उडीला चेसिस जमिनीला हलकेच घासला, तर सेटिंग जमले असे समजावे. घासतच नसेल तर कडक झाले, आपटत असेल तर मऊ राहिले.

तिसरी गोष्ट डिफरन्शियलची. वळताना आतले आणि बाहेरचे चाक वेगळ्या गतीने फिरू देणारा हा भाग. एससी १० सारख्या रेसिंग ट्रकमध्ये ‘बॉल डिफ’ येते. दोन पोलादी चकत्यांमध्ये बारीक गोळ्या दाबून बसवलेल्या असतात. ते लोण्यासारखे चालते, बाहेरून घट्ट-सैल करता येते, पण त्याला वरचेवर उघडून साफ करावे लागते. धूळ, मोठी मोटर आणि उडीचे झटके एकत्र आले की चकत्यांवर चर पडतात. बॅशिंगसाठी त्याऐवजी तेल भरलेले गिअर डिफ घालणे केव्हाही चांगले. १:८ ट्रगीत मुळातच तीन गिअर डिफ असतात. तिथे बदल करायचा तो मधल्या डिफच्या तेलात. शर्यतीला काही हजार सीएसटीचे तेल पुरते. मैदानात पुढची चाके हवेत असताना सगळी ताकद तिकडे पळते आणि टायर फुग्यासारखे फुगतात. मधल्या डिफमध्ये २० ते ३० हजार सीएसटीचे दाट तेल घातले की ताकद मागेही वाटली जाते. त्याहून दाट घातले तर गाडी मागच्या चाकांवर उभी राहायला लागते. ते दिसायला भारी, पण ड्राइव्ह शाफ्टवरचा ताणही तितकाच वाढतो.

सर्व्हो सेव्हर हा भाग छोटा, पण महत्त्वाचा. चाक दगडावर आदळले की तो झटका स्टिअरिंग वळवणाऱ्या सर्व्होच्या दातांपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये स्प्रिंग असते. अचूक स्टिअरिंग हवे म्हणून रेसर ती फार घट्ट करतात किंवा काढूनच टाकतात. जुना रेसिंग ट्रक घेतल्यावर ती परत बसवावी, नाहीतर पहिला बळी सर्व्होचा. पुढे रुंद बंपर लावावा. शर्यतीची पातळ पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी वजन वाचवण्यासाठीच पातळ असते. तिच्या आतल्या बाजूने कोपऱ्यांना जाळीची टेप आणि लवचीक गोंद लावला तर ती अनेक महिने जास्त टिकते. शॉर्ट कोर्सच्या रुंद बॉडीत उडीच्या वेळी हवा भरते आणि ट्रक पॅराशूटसारखा मागे उलटतो. त्यावर रेसर चाकांमागच्या भागात छिद्रे पाडतात, ती युक्ती मात्र जशीच्या तशी उचलावी.

शॉकअपचे बॉडी-पिस्टन, पोलादी गिअर आणि बेअरिंग यांना हात लावू नये. रेसिंग ट्रकचे पैसे याच वस्तूंचे असतात.

जास्त व्होल्टची बॅटरी लावली तर?

बॅशिंगमध्ये मोडतोड होण्याचे सर्वांत मोठे कारण चालकाचे कौशल्य नसून बॅटरी असते. लिपो बॅटरीचा एक सेल ३.७ व्होल्टचा. १:१० चे रेसिंग ट्रक दोन सेलवर म्हणजे ७.४ व्होल्टवर धावतात. ३,००० केव्हीची मोटर त्यावर बिनभाराने मिनिटाला सुमारे २२,००० फेरे मारते. तीन सेल लावले की तीच मोटर ३३,००० फेऱ्यांवर जाते. वेग दीडपट झाला, पण धडकेची ऊर्जा सव्वादोन पट. दोन सेलवर वाचलेला आर्म तीन सेलवर का तुटला, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

तीन सेल लावायचेच असतील तर आधी स्पीड कंट्रोलर म्हणजे ईएससी तेवढे व्होल्ट पेलतो का, हे तपासावे. अनेक रेसिंग ईएससी दोनच सेलचे असतात आणि जास्त व्होल्टला क्षणात जळतात. त्यानंतर मोटरच्या पिनियनचे दात दोन-तीनने कमी करावेत. वेग थोडा घटतो, पण मोटर थंड राहते. मोटरचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की थांबायचे, हा छंदातला रूढ नियम. मुळातच हवा ४० अंशांची असलेल्या विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही मर्यादा फार लवकर येते. उंच गवतात तर त्याहून लवकर, कारण गवत शाफ्टला गुंडाळले जाते आणि मोटर अडखळत जोर लावत राहते.

लिपोबाबत हयगय नको. सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही, सुमारे ३.२ च्या खाली उतरवायचा नाही, आठवडाभर ठेवायची असेल तर ३.८ च्या आसपास ठेवायची. फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये. त्यातून लागलेली आग सहज विझत नाही. रेसर कडक कवचाची बॅटरी वापरतात. बॅशिंगलाही तीच वापरावी.

चिखल-पाणी चालते का?

‘वॉटरप्रूफ’ असे लिहिलेले असेल तरच, आणि तेही जपून. बॅशिंगच्या ट्रकमध्ये रिसीव्हर रबरी सील असलेल्या डबीत असतो. रेसिंग ट्रकमध्ये तो चेसिसवर उघडाच चिकटवलेला असतो, कारण ट्रॅकवर पाऊस आला की शर्यत थांबते. पावसाळी चिखलात न्यायचे असेल तर ईएससी आणि सर्व्हो दोन्ही पाणीरोधक हवेत. आपली काळी माती चाकाच्या रिममध्ये थापून बसते. वजन वाढते, तोल बिघडतो आणि वेगात चाक थरथरायला लागते. कोकणातल्या किनाऱ्यावर त्रास वेगळा. खारे पाणी आणि वाळू बेअरिंगमध्ये शिरली की ते दोन-तीन दिवसांत गंजून अडकतात. गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, बेअरिंगला तेल देईपर्यंत ट्रक कपाटात ठेवू नये.

हे खेळणे किती धोकादायक?

४ किलोची ट्रगी ताशी ६० किलोमीटरने येत असेल तर तिच्यात सुमारे ५५० ज्यूल ऊर्जा असते. चार किलोचा दगड सुमारे १४ मीटरवरून, म्हणजे चार-पाच मजल्यांवरून खाली पडावा, तेवढी. बॅशिंगसाठीच्या ट्रॅक्सस ‘एक्स-मॅक्स’सारख्या ट्रकचे वजन तर साडेआठ किलोच्या आसपास आहे. ट्रॅकवर चालक उंच मंचावर उभे असतात आणि प्रेक्षक कठड्यामागे. सोसायटीच्या आवारात किंवा बागेत तशी सोय नसते. मुले खेळत असतील तिथे हे ट्रक चालवूच नयेत. रिसीव्हरमध्ये ‘फेलसेफ’ नावाची सोय असते, रिमोटचा संपर्क तुटला की ब्रेक लागावा म्हणून. जुना ट्रक घेतल्यावर चाके जमिनीवरून उचलून, थ्रॉटल थोडा दाबून रिमोट बंद करून पाहावा. चाके थांबली नाहीत तर ते सेटिंग करेपर्यंत ट्रक बाहेर नेऊ नये.

जुना रेसिंग ट्रक घेताना काय पाहावे?

सुटे भाग. बाकी सगळे त्यानंतर. रेसिंग कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी मॉडेल बदलतात आणि जुन्याचे आर्म, नकल, बल्कहेड दुर्मीळ होत जातात. बॅशिंगमध्ये नेमके हेच भाग लागतात. स्लॅशसारख्या ट्रकचे भाग इतकी वर्षे सहज मिळत राहिले, हा त्याचा रेसिंग ट्रकवरचा सर्वांत मोठा फायदा आहे. व्यवहाराआधी पुढच्या आर्मच्या दोन जोड्या आजच्या तारखेला कुठे आणि कितीला मिळतात ते शोधावे. मिळत नसतील तर ट्रक कितीही स्वस्त असो, सोडून द्यावा.

मग चेसिस सपाट फरशीवर ठेवून वाकलाय का ते पाहावे. प्रत्येक चाक हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकावी. शॉकअप दाबून सोडावा, तेल गळत असेल तर सील बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. धातूत शिरणारा प्रत्येक स्क्रू सैल करून त्याला थ्रेडलॉकचा थेंब देऊनच पहिली फेरी मारावी. रेसर प्रत्येक शर्यतीनंतर गाडी उघडतो. बॅशर ती थेट पुढच्या रविवारी बाहेर काढतो.